शिवणीचा पीळ (गोधडीकाम)

गोधडीसाठी कापडाचे तुकडे जोडताना शिवणीची माया, म्हणजे टाक्यांच्या पलीकडे उलट बाजूस राखलेली कापडाची अरुंद पट्टी, एका टोकाला डावीकडे व दुसऱ्या टोकाला उजवीकडे दाबली जाऊन मध्येच मुरडते, तेव्हा शिवणीला पीळ पडला असे म्हणतात. सुलट बाजूने तो सहसा दिसत नाही. मात्र तळहात फिरवल्यास उंचवटा हाताला लागतो, पुढे थर टाचताना तेथेच सुई अडते आणि वापरात कापड प्रथम तेथेच विरते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत वाकळ या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गोधडीत हा दोष क्वचितच संभवतो, याचे कारण तिच्या रचनेत आहे. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून, ताणून, कोपऱ्यांवर वजन ठेवून थर तयार करतात आणि वरचा तुकडा कडा आत दुमडून थेट या थरांवर ठेवला जातो. सर्व थरांतून जाणारा धावदोरा, म्हणजे खालीवर जाणारा साधा सरळ टाका, ती कड जागच्या जागी पक्की करत जातो, त्यामुळे मायेला उलटण्यास वावच उरत नाही. अशा गोधडीत बिघडतात ते थर: ते सरकले की चुण्या पडतात, आणि त्या काढण्यासाठी टाके उसवून कापड कडेकडे ओढून घ्यावे लागते.

पीळ हा मुख्यतः यंत्रावर आधी वरची चादर जोडून मग ती अस्तरावर टाचण्याच्या पद्धतीचा दोष होय. आडव्या ओळी एकमेकींना जोडताना उभ्या शिवणींची माया दोन्ही कापडांच्या बाहेरच्या अंगाला असते. वरची माया यंत्राच्या पायाखाली जाताना मागे ढकलली जाते, खालची दात्यांत अडकून उलटते, आणि खालची उलटलेली माया शिवणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही. कापडाचाही यात वाटा असतो. धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यावर नखाने दाबलेली घडी टिकते, परंतु कृत्रिम धाग्याच्या साड्या ती धरत नाहीत. उलट, मराठवाड्यात वापरात असलेल्या इरकल लुगड्याचा काठ (हे लुगडे मूळचे कर्नाटकातील इलकलचे) इतका दाट असतो की त्याची माया एकदा उलटी शिवली गेली की ती दाबून सपाट होत नाही.

दुरुस्तीसाठी संपूर्ण शिवण उसवण्याची गरज नसते. ज्या टोकाला माया उलटली, तेथील आडव्या शिवणीचे मायेवरून गेलेले टाके आणि दोन्ही अंगांचे आणखी दोन-तीन टाके उलट बाजूने उसवावेत, माया मूळ दिशेला वळवून इस्त्रीने दाबावी, कच्च्या टाक्याने धरावी आणि जुन्या टाक्यांवर थोडी चढवून नवी टीप मारावी. मायेला मध्यभागी कात्रीने चीर देऊन तिचे दोन भाग आपापल्या दिशेला बसवण्याचा सोपा मार्गही वापरला जातो; परंतु चीर शिवणीपाशी येत असल्याने दगडावर आपटून धुतल्या जाणाऱ्या गोधडीला तो मानवत नाही, आणि सैल विणीच्या कापडात तो टाळावा हेच इष्ट.

पीळ पडूच नये म्हणून एका ओळीतील माया डावीकडे व पुढच्या ओळीतील उजवीकडे दाबतात, म्हणजे ओळी जोडताना दोन्ही माया एकमेकींना बिलगून बसतात आणि चौफुलीवर कापडाची जाडी एकाच बाजूला साचत नाही. हाताने जोडणी करताना याहून सोय असते, कारण चौफुलीपाशी माया टाक्यात न पकडता सुई तिच्या बुडातून पलीकडे काढता येते. माया मोकळी राहते आणि कोणत्याही दिशेला नंतरही वळवता येते.

अस्तरासह टाचून झालेल्या गोधडीत पीळ उशिरा लक्षात आल्यास तेवढ्यासाठी थर उसवणे परवडत नाही. अशा वेळी उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी धावदोऱ्याची एकेक जवळची ओळ घालून तो दाबून टाकतात.