देवीचा रोगी कळवा...

आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीची डागडुजी चालली आहे असे कळले म्हणून परवा सहज पाहायला गेलो. गवंडी रंग खरवडत होता. तीन-चार थर निघाले आणि खाली गेरूची अक्षरे दिसली, "...गी कळवा, हज...". पुढचे गेले होते. पण माझ्या वयाच्या कुणालाही ते आपोआप पूर्ण करता येईल : देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा!

१९७५ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पगार असा की हजार हा आकडा मोठाच वाटायचा. वर्गात कुणाच्या गालावर पुटकुळी आली की पोरे ओरडत, "सर, याला देवी आल्यात, हजार रुपये द्या!" हे बक्षीस आधी ५० रुपये होते, मग १००, आणि रोगी सापडेनासे झाले तसे १०००. रोग कमी होतोय तसा भाव वाढतोय, याची तेव्हा आम्हाला गंमत वाटे. त्यामागचा हिशेब नंतर वाचनात आला. शेवटचा रोगी शोधणे सगळ्यांत अवघड आणि म्हणून सगळ्यांत महाग.

१९७४ साली भारतात देवीचे सुमारे १,८८,००० रोगी नोंदले गेले. सगळ्यांत भीषण स्थिती बिहारात होती. नुसते सरसकट टोचत सुटण्याऐवजी रोगी शोधायचा, त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचायचे, असे धोरण होते. पण शोधायचे कसे? तेव्हा टेलिफोन तालुक्याच्या गावीसुद्धा मोजकेच. मग लाखभर कर्मचारी हातात एक कार्ड घेऊन निघाले. कार्डावर अंगभर फोड आलेल्या लहान मुलाचे चित्र. "असा कुणी पाहिलात का?" एवढाच प्रश्न. आठवडा-दहा दिवसांच्या एका फेरीत सुमारे १० कोटी घरे! बाजारात, चहाच्या टपरीवर आणि मुद्दाम शाळेत विचारत, कारण कुणाच्या घरी काय चालले आहे हे पोरांना आधी कळते. (हे मी शपथेवर सांगतो.)

मला मात्र त्या कार्डापेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. फेरी झाली की दुसरीच माणसे काही निवडक घरी जाऊन विचारत. कुणी आले होते का? चित्र दाखवले का? बक्षीस किती ते सांगा. म्हणजे आपण सांगितले की नाही हे न तपासता लोकांना कळले की नाही हे तपासत. आम्ही मास्तर लोक धड्यानंतर स्वाध्याय देतो तो याचसाठी ना!

मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंज स्टेशनवर बांगलादेशातून आलेली एक निराधार बाई सापडली. ती या देशातली शेवटची रोगी. पुढे पोलिओच्या वेळी करंगळीवरच्या शाईने थोडेफार हेच काम केले.

आणि मग आला २०२०चा मार्च. कुणालाही फोन लावा, आधी खोकल्याची उबळ! पुढे अमिताभ बच्चन यांचा आवाज आला, २०२१ च्या जानेवारीत लसीचा संदेश आला. १९७५ च्या मंडळींना स्वप्नातही दिसले नसते असे साधन. एक घर न फिरता कोट्यवधी कानांत एकच वाक्य! पण ऐकणाऱ्याला काय कळले हे विचारायला मागून कुणी येत नव्हते. मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही, लसच पुरेशी नसताना ही धून किती दिवस ऐकवणार, अशा अर्थाचा प्रश्न सरकारला केला.

त्याच्या आदल्याच महिन्यात माझा धाकटा भाऊ आजारी पडला होता. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर कापूर, ओवा आणि लवंगांच्या पुरचुंडीचा निरोप फिरत होता. ती हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो म्हणे. निरोपावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो पुष्कळ हातांतून आलेला. मी तो तसाच पुढे ढकलला नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार होत्या. त्या दुरुस्त केल्या, वर "काळजी घ्या" लिहिले आणि नवा निरोप म्हणून भावाला पाठवला. नवा झाल्यामुळे बाणांची खूण गेली आणि शुद्धलेखनामुळे तो खरा वाटू लागला.

दोन दिवस तो पुरचुंडी हुंगत बसला. आकडा ८८ वर आल्यावर धावाधाव सुरू झाली. मी यादीतले एकेक रुग्णालय फोनवर गाठत होतो आणि प्रत्येक वेळी आधी तो संदेश पुरा ऐकत होतो. बटण दाबले की तो थांबतो, हे पुतण्याने नंतर सांगितले.

एकोणीस दिवसांनी भाऊ घरी आला. आता जिना चढताना मध्ये बसतो. त्याबद्दल तो मला कधी बोलला नाही. वहिनी एकदाच म्हणाली, "दादा, तुमचा निरोप होता म्हणून थांबलो. दुसऱ्या कुणाचा असता तर थांबलो नसतो."

गवंड्याला म्हटले, एवढी अक्षरे राहू दे. तो म्हणाला, "सर, वरनं पुट्टी मारायचीय." मोबाइलवर फोटो काढला आणि भावाला पाठवला. खाली काहीच लिहिले नाही.