सहावीतल्या मुलाने वजन का कमी करायचं?

ज्युदोची नियमावली मला एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरच्या चेंजलॉगसारखी वाटते. बऱ्याचशा ओळींमागे आधी काहीतरी मोडलेलं असतं. इथे मोडतं ते माणसाचं हाड.

१८८२ साली जिगोरो कानो यांनी तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार मोकळ्या झुंजीतून काढले, तरच लोक रोज सराव करू शकतील, हा त्यांचा विचार होता. १८९९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली स्पर्धेचे लेखी नियम तयार झाले. त्यातही नवख्यांसाठी वेगळी रेघ होती: ब्लॅक बेल्ट मिळेपर्यंत सांधा पिरगाळायचा नाही. १९२५ पर्यंत कोपर सोडून बाकी सगळ्या सांध्यांवरचे डाव सर्वांनाच बंद झाले.

आज जपानमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना गळा आवळण्याचे आणि सांध्यांवरचे डाव वापरता येत नाहीत. दोन्ही गुडघे एकदम मॅटवर टेकून खांद्यावरून फेकलं, तरी दंड होतो. माध्यमिक शाळेत गळा आवळायची परवानगी मिळते, सांध्यांची नाही.

एवढं वाचून वाटेल, मुलं सुरक्षित झाली. पण नागोया विद्यापीठाचे संशोधक ऱ्यो उचिदा यांनी १९८३ पासूनच्या शालेय अपघातांच्या नोंदी तपासल्या. तीनेक दशकांत ज्युदो खेळताना शंभरहून अधिक विद्यार्थी दगावले होते. बरेचसे डोक्याला मार लागून, आणि त्यात नुकतंच ज्युदो सुरू केलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रमाण मोठं होतं.

यात वारंवार दिसणारा डाव कुठलाही बंदी घातलेला प्रकार नव्हता. तो होता ओसोतो-गारी. समोरच्याचा पाय मागून उडवायचा आणि त्याला पाठीवर पाडायचं. अगदी सुरुवातीला शिकवतात तो. पडणाऱ्याला हनुवटी छातीशी धरून, हात मॅटवर आपटत पडता आलं पाहिजे. या पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. ते अंगात मुरायच्या आत मूल झुंजीत उतरलं, तर डोक्याचा मागचा भाग मॅटवर आदळतो. हा डावच बंद केला तर ज्युदोत उरणार काय? म्हणजे प्रश्न डावाचा नव्हता, घाईचा होता.

मग ही घाई येते कुठून?

२००४ पासून जपानमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा व्हायची. खालच्या वजनगटात बसावं म्हणून मुलांना वजन उतरवायला लावलं जाई. पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडत. मार्च २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने ही स्पर्धाच रद्द केली. कारण दिलं: जिंकणं म्हणजेच सर्वस्व ही वृत्ती. तेव्हा अध्यक्ष होते यासुहिरो यामाशिता, १९८४ चे ऑलिम्पिक विजेते. १९८० मध्ये ‘कानी-बासामी’ या कात्रीसारख्या डावात त्यांचा स्वतःचा पाय मोडला होता, आणि तो डाव पुढे स्पर्धांमधून बाद झाला.

निर्णयावर टीका झाली. वर्षभर घाम गाळलेल्या मुलांपुढचं ध्येयच गेलं, हा आक्षेप खोटा नव्हता. पण मुलांचं ज्युदो बंद झालं नाही. बंद झाली ती बाराव्या वर्षी देशात पहिला कोण हे ठरवण्याची सोय.

डावावर बंदी आणली की दंड खेळणाऱ्या मुलाला होतो. या वेळी पहिल्यांदाच नियम मॅटच्या बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांना लागू झाला.