टेलकडून उगमाकडे

ऑगस्ट 1986. शनिवार, पहाटेचे पाच. इंदापूरच्या एसटी स्टँडबाहेर तू तुझ्या राजदूतपाशी उभा आहेस. खिशात फोन नाही. आहे तो घडी घातलेला वहीचा कागद, त्यावर पेन्सिलीने लिहिलेली गावांची नावं. एरवी ही गाडी दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून फिरते. आज त्या जागी वळकटी बांधली आहे. पेट्रोलमध्ये ऑइल तूच ओतलंस, आणि घाट चढायचाय म्हणून हात जरा सैल सोडलास. ते पुढे नडणार आहे.

सहा गाड्या, अकरा जण. दोन बुलेट, दोन येझदी, तुझी राजदूत, आणि बाजारात येऊन वर्षही न झालेली आरएक्स 100, जिच्या टाकीवरून प्रत्येकाने एकदा तरी हात फिरवलाय. नियम बापूदादांनी घालून दिलाय: सगळ्यात हळू गाडी पुढे. म्हणजे तू पुढे.

निघताना आण्णांनी एकच बजावलं, "रविवारी रात्री दोनला आपली पाळी हाय. त्याच्या आत माघारी ये."

तुमचं रान नीरा डाव्या कालव्याच्या टेलला आहे. टेलचा शेतकरी म्हणजे काय, हे टेलच्या शेतकऱ्यालाच कळतं. वरच्यांचं भिजून झाल्यावर जे उरेल ते तुझ्यापर्यंत यायचं, तेही पाळीच्या तासातच. तुझ्या तालुक्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि ऑगस्टात बाजरीने माना टाकलेल्या. नीरा संपते कुठे हे तू लहानपणापासून पाहिलंयस: नरसिंहपूरला, भीमेच्या संगमावर, देवळाच्या पायऱ्यांवरून. ती सुरू कुठे होते, ते आज पाहायचंय.

भवानीनगरला उजाडतं. कारखान्याची चिमणी गप्प आहे, गळीत हंगामाला अजून अवकाश आहे. बारामतीत भिगवण चौकात चहा होतो. पुढे कालवा कधी डाव्या हाताला, कधी उजव्या हाताला सोबत करत राहतो. गेली शंभर वर्षं हे पाणी असंच वाहतंय. दोन्हीकडे ऊस उंच, आणि तुझ्या मनात नको तो हिशोब सुरू होतो: हे सगळं आपल्या आधी पितं. मग गाडीचा आवाज तो विचार मागे टाकतो.

नीरा, लोणंद, शिरवळ. पाठ धरते, हातांना मुंग्या येतात. भोरच्या अलीकडे भाटघरची दगडी भिंत दिसते आणि कुणी न सांगता सहाही गाड्या थांबतात. वेळवंडी नदीवरची ही भिंत इंग्रजांनी बांधली ती खालच्या कोरड्या मुलखासाठी. इथलं पाणी नीरेत उतरतं, वीरला कालव्यात शिरतं आणि कुठल्या तरी रात्री दोन वाजता तुझ्या पाटात येतं. तू भिंतीकडे बघत राहतोस. इतकी वर्षं या पाण्याला तू फक्त तास विचारलेस, गाव कधी विचारलं नाहीस.

भोर सुटतं आणि पाऊस सुरू होतो. तुमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथला जातच नाही. रस्ता डोंगराच्या कुशीने वळत राहतो, खाली भाताच्या खाचरांची हिरवी उतरंड, मध्ये नीरा, इतकी अरुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जावी. नीट बघून घे. यातली कितीतरी खाचरं पुढे देवघर धरणाच्या पाण्याखाली जाणार आहेत. अकरा जणांत हे फक्त तुला ठाऊक आहे, आणि सांगितलंस तर कुणाला पटणार नाही. उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं, तेव्हाही आधी कुणाला पटलं नव्हतं.

हिरडोशीच्या पुढे चढावर राजदूत गचके खाते आणि बंद पडते. प्लग काढतोस: तेलाने काळाकुट्ट. जास्तीचं ऑइल नडलं. बापूदादा बोलत नाहीत, नुसता काचपेपरचा तुकडा पुढे करतात. तू शर्टाच्या आडोशाला प्लग घासतोयस, तोवर डोक्यावर इरलं घेतलेली एक आजी बांधावरून वर येते.

"कुठनं आलात रं पोरांनो?"

"इंदापूरकडनं, आजी."

"तिकडं पाऊस न्हाय व्हय?"

"न्हाय."

ती क्षणभर तुमच्याकडे बघते, मग आभाळाकडे. "हितं तर नको झालाय," म्हणते आणि खाचरात उतरते. तुझ्या गावाला वर्षात मिळतो तेवढा पाऊस इथे आषाढात थोड्या दिवसांत कोसळतो. तो तिच्या बांधांवरून, तिच्या पायांखालून वाहत खाली जातो. तिच्या घरासमोर उसाचं एक टिपरूही नाही.

शिरगावला नीरेचा उगम. तिथून थोडं वर वरंधा घाटाचा माथा, वाघजाईचं देऊळ, आणि पुढे एकदम काहीच नाही: नुसतं धुकं आणि खाली कोकण. पुढ्यात पडलेला थेंब महाडकडे उतरून सावित्रीतून अरबी समुद्रात जातो. चार पावलं मागे पडलेला नीरा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरापर्यंत जातो, वाटेत तुझ्या रानावरून. रस्त्यावरून आडवा एक ओहोळ वाहतोय. पूर्वेकडे. तू बूट काढून त्यात उभा राहतोस. कुणी हसत नाही. एकेक जण येऊन शेजारी उभा राहतो.

रात्र गावातल्या देवळात, ओल्या वळकट्यांवर. रविवारचा परतीचा रस्ता उताराचा, झपाट्याने संपणारा.

रात्री दोन. अंगात अजून गाडीची थरथर आहे. खांद्यावर खोरं, हातात कंदील. आण्णा बाऱ्यावर वाकलेत. चारीत आधी वाळल्या पानांची खसखस, मग पाण्याची जीभ सरपटत पुढे येते. तू चपला काढतोस.

"लांबनं आलंय, आण्णा," तू म्हणतोस.

"फोड बारं," ते म्हणतात. "तासच हाय."