मांजरसुंब्याचा महाल आणि जेहोलचा गिरिनिवास

उन्हाळा आला कीं थंड हवेच्या डोंगरावर जाऊन राहावें, ही साहेबानें आम्हांस लावलेली संवय आहे, असा आमच्या सुशिक्षित वर्गाचा दृढ समज आहे. महाबळेश्वर व माथेरान हीं नांवें इंग्रजी अमदानीशीं निगडित असल्यामुळें हा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु तो खरा नव्हे. इंग्रजांनीं सह्याद्रीवर बंगले बांधले, त्याच्या दोनशेंहून अधिक वर्षें आधीं नगरच्या निजामशाहीनें आपल्या राजधानीजवळच डोंगरमाथ्यावर विश्रांतीसाठीं महाल उभारला होता. पुढें 1703 सालीं चीनच्या बादशहानें हीच हौस प्रचंड प्रमाणावर पुरविली. आज चीनमध्यें जुन्या वास्तूच्या धर्तीवर, वळणदार छपरांचे आणि चौकाभोवतीं ओवऱ्या असलेले जे ऐषआरामी गिरिनिवास धनिकांसाठीं उभे राहतात, त्यांचा मूळपुरुष म्हणून या बादशाही स्थळाकडे बोट दाखवितां येईल. या दोन स्थळांचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. तरी त्यांची तुलना केली असतां एक प्रश्न उभा राहतो: एवढ्या खर्चानें मिळविलेल्या विसाव्याचें त्या राजांनीं केलें तरी काय?

प्रथम आपल्या घरचें उदाहरण पाहूं. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, शहराच्या उत्तरेस सुमारें दहा मैलांवर डोंगरगण हें गांव लागतें. तेथील हिरव्या दरीस इंग्रज अंमलदार ‘हॅपी व्हॅली’ म्हणत. जवळच मांजरसुंब्याचा डोंगर असून त्याच्या कड्याच्या टोकाशीं निजामशाही महालाचे अवशेष आहेत. ‘मंझर’ म्हणजे देखावा. गांवाच्या नांवाचा या शब्दाशीं लोक जो संबंध जोडतात, तो व्युत्पत्तिशास्त्रास मान्य होवो वा न होवो, त्या जागीं उभें राहिल्यावर मनास मात्र पटतो. आम्ही तेथें गेलों तेव्हां चैत्र सरत आला होता. खालचीं शेतें करपून पांढुरकीं पडलीं होतीं. पण वर भिंतीच्या आडोशास बसतांच वाऱ्यानें अंगावरचा घाम क्षणांत सुकविला.

परंतु आमचें लक्ष देखाव्याहून अधिक वेधलें तें खालचें पाणी वर चढविण्यासाठीं केलेल्या बांधकामानें. डोंगरमाथ्यावर वारा फुकट मिळतो, पाणी मिळत नाहीं. राजाच्या हौदांतील प्रत्येक घागर कोणा माणसाच्या किंवा जनावराच्या श्रमानें वर आलेली असते. ज्या जिल्ह्याच्या नशिबीं अवर्षण कायमचें लिहिलेलें, तेथें हा हिशेब विसरून चालत नाहीं.

या महालांचा उपभोग घेणाऱ्या घराण्यांतील मुर्तजा निजामशहाची कथा मोठी उद्बोधक आहे. हा 1565 सालीं तख्तावर आला. वऱ्हाडची इमादशाही यानेंच जिंकली; म्हणजे कर्तृत्व मुळींच नव्हतें, असें नाहीं. पण पुढें त्याचें मन विटलें. राज्यकारभार दिवाणांवर सोंपवून तो वर्षानुवर्षें एकांतांत राहूं लागला आणि लोक त्यास ‘दिवाना’ म्हणूं लागले. त्याच्या विसाव्यासाठीं सलाबतखान या दिवाणानें 1583 सालीं नगरजवळ फराहबागेंतील महाल पुरा केला. तळ्याच्या मधोमध उभारलेली ती अष्टकोनी वास्तु आजहि उभी आहे. तळें मात्र आटलें आहे.

फेरिश्ता हा इतिहासकार त्या वेळीं नगरच्या चाकरींत होता. तो सांगतो कीं, मुर्तजाची मर्जी फिरून सलाबतखानास कैदेचा हुकूम झाला, तेव्हां खानानें स्वतःच्या हातानें पायांत बेड्या घालून घेतल्या आणि पालखींत बसून तो नेमलेल्या किल्ल्याकडे निघाला. राज्याचा भार वाहणारा एकच मनुष्य, आणि त्यासहि एकांतांतल्या राजानें दूर केलें! 1588 सालीं मुर्तजाच्या मुलानें, मिरान हुसेनानें, बापास हमामखान्यांत कोंडून आंतली उष्णता वाढवून ठार केलें. गारव्यासाठीं जलमहाल बांधून घेतलेल्या राजाचा अंत असा झाला. त्यानंतर बारा वर्षांतच, 1600 सालीं, नगरचा किल्ला मोंगलांच्या हातीं पडला. सलाबतखानाची तीन मजली कबर शहाडोंगरावर आहे. लोक तिला चुकीनें ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. तिची हवा इतकी उत्तम कीं, इंग्रजांनीं तिच्याकडे गोऱ्या शिपायांचें आरोग्यस्थान म्हणूनहि पाहिलें होतें.

आतां चीनकडे वळूं. पेकिंगच्या ईशान्येस सुमारें दीडशें मैलांवर जेहोल, म्हणजे आजचें चेंगदे, हें गांव आहे. ‘जेहोल’ म्हणजे ऊन पाण्याची नदी. येथें कांगशी बादशहानें 1703 सालीं ‘उन्हाळा चुकविण्याचा गिरिनिवास’ या अर्थाच्या नांवानें कामास आरंभ केला, तें त्याचा नातू चियनलुंग याच्या हातून 1792 सालीं पुरें झालें. सहा मैलांच्या तटाच्या आंत तळीं, मैदानें व वनें असून बहुतेक भाग डोंगरांनींच व्यापलेला आहे. राजधानींतील महाल लाल व सोनेरी रंगांनीं झळकतात. येथील दिवाणखान्याच्या लांकडास मात्र रंगाचा हातहि नाहीं, आणि हवा दमट झाली म्हणजे त्या सुगंधी लांकडाचा वास दरवळतो. दक्षिणच्या दरबारानें कड्यावर महाल उभारून देखाव्यास पायांशीं घेतलें. चिनी कारागिरानें बैठी घरें झाडींत लपवून देखाव्यास घरांत घेतलें.

पण खरा भेद वास्तूंत नसून वृत्तींत आहे. कांगशी व चियनलुंग उन्हाळ्याचे कित्येक महिने जेहोलास घालवीत. पण कारभार त्यांच्यामागोमाग तेथें येई. मंगोल सरदारांस भेटावें, त्यांच्यासह शिकारीस जावें, त्यांच्या धर्माचा मान राखण्यासाठीं ल्हासाच्या पोताला प्रासादासारखें मंदिर बांधावें, असा तेथील क्रम असे. 1793 सालीं इंग्लंडचा वकील मॅकार्टनी बादशहास भेटला तो राजधानींत नव्हे, येथील उद्यानांतील तंबूंत; आणि तो रिकाम्या हातीं परतला, तोहि येथील थंड हवेंत कारभार झोंपला नव्हता म्हणूनच.

मात्र चीन शहाणें आणि आम्ही मूर्ख, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. 1860 सालीं इंग्रज व फ्रेंच फौजा पेकिंगवर चालून आल्या, तेव्हां शियनफंग बादशहा याच जेहोलास पळून आला. तहाचें ओझें त्यानें धाकट्या भावावर टाकलें. राजधानींजवळील त्याचा उन्हाळी प्रासाद शत्रूनें जाळला. आणि 1861 च्या ऑगस्टांत बादशहा जेहोलासच वारला. पूर्वजांनीं जेथें राज्य बांधलें, तेथेंच वंशज राज्यापासून लपला. तट तोच, तळीं तींच. बदललें होतें तें वर येणाऱ्याचें मन.

आमच्या काळीं गिरिनिवास राजांपुरते राहिलेले नाहींत. भंडारदऱ्यास चार दिवस राहून येणें मध्यम स्थितीच्या कुटुंबासहि अशक्य नाहीं, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. वर्षभर राबलेल्या देहास गारवा मिळालाच पाहिजे. मांजरसुंब्याहून आम्ही उतरलों तेव्हां सांजवेळ झाली होती. वाटेवर दोन बाया डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. त्यांना वाट देण्यासाठीं आम्ही बाजूस झालों. वर पाहिलेलें तें पाण्याचें पडकें बांधकाम त्या वेळीं आम्हांस पुन्हा आठवलें, आणि मुक्कामीं पोंचेपर्यंत आमच्यापैकीं कोणी फारसें बोललें नाहीं.