काठावर

मोठ्या विजयामागे मराठीत विशेषणांची वरातच असते. दणदणीत, घवघवीत, नेत्रदीपक! लहान विजयाच्या वाट्याला मात्र एकच शब्द : काठावर. वर्तमानपत्रं ‘निसटता विजय’ म्हणतात, पण ते छापण्यापुरतं. आमच्या केडगावात (नगरला चिकटलेलं ते, दौंडजवळचं नव्हे) चहाच्या टपरीवर ‘निसटता’ म्हणणारा इसम मी अजून पाहिलेला नाही.

शब्द तसा गमतीचा. काठोकाठ म्हणजे भरपूर, काठावर म्हणजे जेमतेम. काठ तोच!

आणि जिंकणारा हा शब्द कधीच वापरत नाही. चिरंजीव पस्तीस मार्कांवर सुटले की बाप पेढा पुढे करून ‘पास झाला’ एवढंच म्हणतो. ‘काठावर’ ही पुरवणी शेजारी जोडतो, तीही पेढा खाऊन झाल्यावर.

निवडणुकीतही तेच. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकरांनी अमोल कीर्तिकरांना ४८ मतांनी हरवलं. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या जागाही ४८, म्हणजे जागेमागे एक मत पडलं म्हणायचं. त्याच वर्षी विधानसभेला आमच्या जिल्ह्यात कर्जत-जामखेडला रोहित पवार १,२४३ मतांनी आले. तेच पवार २०१९ मध्ये त्याच राम शिंद्यांविरुद्ध चाळीस हजारांवर मतांनी आले होते. आमदारकी दोन्ही वेळा सारखीच, पण काठाची चर्चा दुसऱ्यांदाच. हरलेल्या पक्षाला तेवढाच दिलासा.

पण नगरचा खरा काठावरचा विजय फार जुना. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला आणि भुईकोट किल्ल्याला वेढा पडला. तटाखाली सुरुंग पेरले. काही आतल्या लोकांनी शोधून निकामी केले; एक उडालाच आणि तटाला भगदाड पडलं. चांदबीबी हातात तलवार घेऊन त्या भगदाडात उभी राहिली, आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. १५९६ मध्ये तह झाला. किल्ला राहिला, वऱ्हाड मोगलांना गेलं.

आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत जमेला किल्ला, नावे अख्खा वऱ्हाड. असा ताळेबंद आमच्या कुठल्याही साहेबाने सहीविना परत पाठवला असता. चार वर्षांनी, १६०० मध्ये, चांदबीबी घरच्यांच्याच हातून मारली गेली आणि किल्लाही पडला. इतकं होऊनही ‘चांदबीबी काठावर जिंकली’ असं नगरात कुणाच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही.