श्रोता नसलेले गाणे

भामरागडच्या माडिया गोंडांचा रेला कोणी ऐकावा म्हणून गायला जात नसे. हातात हात गुंफून फेर धरायचा, एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. धृपदात ‘रेला’ हाच शब्द. (बहाव्यालाही गोंडीत रेलाच म्हणतात.) जो आला तो गाणारा.

एल्विनने 1947 साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलवर ग्रंथ लिहिला, आणि मराठी वाचकाच्या मनात घोटुलभोवती नको ते कुतूहल जमले. भामरागडातले गोटुल म्हणजे मुख्यतः गावाच्या बैठकीची, पाहुण्याच्या मुक्कामाची जागा. फेरही तिथलाच.

1976 साली हेमलकशाला लोकबिरादरीची शाळा निघाली. पुढे आश्रमशाळा वाढल्या. मुले शिकली हे मोलाचेच. पण रेला तोंडी बसण्याच्या वयातल्या संध्याकाळी वसतिगृहात गेल्या.

मग रेलाला श्रोते मिळाले. नक्षलवाद्यांच्या चेतना नाट्य मंचाने गोंडी चालींवर आपले शब्द चढवले. पोलिसांच्या मेळाव्यांत रेला नृत्याच्या स्पर्धा होऊ लागल्या. समोर बसलेला माणूस दोघांनाही हवा होता. मंचावर फेर प्रेक्षकांच्या बाजूने उघडतो, रात्रभराचे गाणे काही मिनिटांत आटोपते. ध्वनिमुद्रणात हा फरक ऐकू येत नाही.

फेराला आधी जागा लागते, आणि जागेसाठी भांडावेही लागते. उत्तरेला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने जंगलातले लाकूड आणून गोटुल बांधले. वनखात्याने ते पाडले. तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले उभी केली.