औदुंबराच्या आठ ओळी

१९०७ साली जळगावात भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या धरणगावच्या पोरसवदा कवीने आपली कविता म्हटली. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी तिथेच त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात तो गेला. मागे उरलेल्या कवितांपैकी 'औदुंबर' जेमतेम आठ ओळींची. तिच्या अर्थावर समीक्षक अजून वाद घालतात. रचनेकडे मात्र त्या मानाने कमी लोक पाहतात.

पंडित कवींचा जीव अक्षरगणवृत्तांत रमला. शार्दूलविक्रीडितात चरणाला १९ अक्षरे, आणि प्रत्येक लघु-गुरूची जागा आधीच ठरलेली. 'औदुंबर' मात्रांवर चालते. ८, ८ आणि ११ अशा २७ मात्रांची ओळ. ओळीच्या शेवटचे लघु अक्षर परंपरेप्रमाणे गुरू धरायचे. म्हणून पहिल्या ओळीत १९ अक्षरे आणि दुसरीत १६ असूनही दोन्हींची लांबी कानाला एकच वाटते. बोलीतले शब्द पिळावे लागत नाहीत.

पुनरुक्तीचे काम पहिल्याच ओळीत सुरू होते. आठ मात्रांचा पहिला तुकडा एका अक्षराच्या फरकाने लगेच परत येतो, आणि झऱ्याचे दोन्ही काठ समोरासमोर उभे राहतात. हिरवा रंग तीन ओळींत तीन रूपे घेऊन येतो. दोन-दोन ओळींचे यमक आहे. पण मधल्या चार ओळी 'डे'-'ढे' या जवळच्या ध्वनींवर संपतात, त्यामुळे गाव, शेते, पायवाट आणि डोह एका दमात वाचले जातात.

सर्वांत सुंदर जागा पाचव्या ओळीत आहे. तोवर पहिल्या आठ मात्रा नेमक्या शब्दाच्या शेवटी संपतात. पायवाट आली की ती शिस्त मोडते: आठवी मात्रा 'पांढरी' या शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर पडते आणि उरलेला शब्द पुढच्या तुकड्यात जातो. सहाव्या ओळीतही कुरण आणि त्याचा प्रत्यय असेच दुभंगतात. वाकडीतिकडी वाट ठेक्याला आडवी जाते, ती याच दोन ओळींत. डोहाशी पोचल्यावर सातव्या ओळीपासून शब्द आणि ताल पुन्हा जुळतात, नि झाडाचे नाव कवितेचा अगदी शेवटचा शब्द म्हणून येते.

हे सारे बालकवींनी बोटांवर मोजून केले असेल, असे मुळीच वाटत नाही. मात्रावृत्त त्यांच्या कानात इतके मुरले होते, की वाट वळली तिथे ओळही वळली.